स्मृतिभ्रंश, निधी आणि पदयात्रा : भोर–वेल्हे परिसराच्या संदर्भात एका लोकचळवळीचा पूर्वेतिहास

१. विषयप्रवेश

प्रतिवर्षी २१ सप्टेंबरच्या सुमारास जगातील अनेक नगरांत स्मृतिभ्रंशाने पीडित झालेल्या वृद्धांसाठी पदयात्रा निघतात. रुग्णांचे आप्त, वैद्य, परिचारिका, विद्यार्थी व सामान्य नागरिक त्यांत भाग घेतात. चालणाऱ्याने आपल्या परिचितांकडून वर्गणी जमवावी व ती संबंधित संस्थेच्या स्वाधीन करावी, असा या पदयात्रांचा सामान्य परिपाठ आहे. पुण्यामुंबईतही हा प्रघात आता अगदी अपरिचित राहिलेला नाही. तथापि हा प्रघात कोठून आला, तो येथे येण्यापूर्वी येथील समाजाजवळ त्याला अनुरूप असे काय होते, आणि नगराची वेस ओलांडून तो डोंगरी मुलखात जावयाचा तर त्याचे रूप काय असावे, या प्रश्नांचा विचार मराठीत फारसा झालेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात हा विचार भोर व वेल्हे या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या संदर्भात करावयाचा आहे. हे दोन तालुके निवडण्यास कारण आहे. दोन्ही एकाच ऐतिहासिक घटकाचे भाग होत. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालेल्या भोर संस्थानात ते मोडत, आणि राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, व विचित्रगड म्हणजे रोहिडा या किल्ल्यांवरून त्या मुलखाच्या विभागांना नावे पडली होती. दोन्ही तालुके पुणे शहरापासून अवघ्या ५०-६० किलोमीटरांच्या टप्प्यात आहेत. परंतु शहरातील स्मृतिचिकित्सेच्या सोयी त्यांच्यापासून अंतराच्या मानाने फार दूर राहिल्या आहेत.

वर वर्णन केलेल्या चळवळीत तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत : रोगाला मिळालेले नाव, त्या नावाभोवती जमलेला निधी, आणि त्या निधीसाठी टाकलेले पाऊल. पाश्चात्त्य देशांत यांपैकी नाव प्रथम आले, संघटना व निधी त्यामागून आले, आणि पदयात्रा सर्वांत शेवटी आली. महाराष्ट्रात याच्या उलट, लोककार्यासाठी चालणे व थेंबे थेंबे निधी जमविणे या दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. अपुरे आहे ते नाव. हा क्रमभेद लक्षात घेतल्यावाचून डोंगरी तालुक्यांतील अशा उपक्रमाचे मोल ठरविता येणार नाही, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. मराठीतील नावांचा विचार

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. वैद्यकात ‘डिमेन्शिया’ ही एकच व्याधी नसून स्मरण, भाषा, निर्णयशक्ती व दैनंदिन व्यवहार यांचा क्रमशः ऱ्हास घडवून आणणाऱ्या अनेक व्याधींचा तो लक्षणसमुच्चय होय. अल्झायमरची व्याधी हे त्याचे सर्वांत मोठे कारण. वय वाढले म्हणून हा ऱ्हास अपरिहार्यपणे होतो असे नाही; वयाबरोबर त्याचा संभव मात्र वाढतो.

मराठी बोलीत या अवस्थेला जे शब्द लावले जातात त्यांत ‘म्हातारचळ’ हा सर्वांत प्रचलित होय. त्याच्या जोडीला ‘भ्रमिष्ट’, ‘चळलेला’ हे शब्द व ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या शब्दांत एक समान सूत्र दिसते. ‘चळ’ हा चळणे, म्हणजे जागचे हलणे, या क्रियापदाशी संबद्ध आहे. ‘भ्रम’ याच्या मूळ धातूचा अर्थ भटकणे असा आहे. ‘नाठी’ हे ‘नष्ट’ या संस्कृत रूपापासून प्राकृत ‘णट्ठ’ याच्या द्वारा आलेले असून त्याच्या मुळाशी दिसेनासे होणे हा अर्थ आहे. ग्रांथिक मराठीने स्वीकारलेल्या ‘स्मृतिभ्रंश’ या शब्दातील ‘भ्रंश’ म्हणजे घसरून पडणे. सारांश, मन आपल्या ठिकाणाहून ढळले, वाट चुकले, घसरले, अशी ही सर्व कल्पना आहे. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थही मनापासून दूर गेलेली अवस्था असाच होतो.

परंतु शब्दाची व्युत्पत्ती आणि शब्दाचा व्यवहार या दोन निराळ्या गोष्टी होत. ‘म्हातारचळ’ हा शब्द व्यवहारात रोगवाचक नाही. तो दोषवाचक आहे. उतारवयात शोभणार नाही असा हट्ट, खाण्यापिण्याची हाव, संशय, अवेळी बाहेर पडणे यांवर तो ठेवलेला ठपका असतो. ज्याला चळ लागला त्याने तो आवरावा, अशी अपेक्षा त्या शब्दातच गृहीत धरलेली आहे. ज्याला विस्मरणामुळे आपण जेवलो की नाही हे कळत नाही, त्याच्यावर हावरेपणाचा आरोप होतो, तो या शब्दाच्या द्वारा.

ग्रांथिक शब्दही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाही. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६३व्या श्लोकात येतो. तेथे क्रोधापासून आरंभ होऊन बुद्धिनाशापर्यंत जाणाऱ्या नैतिक अधःपाताच्या साखळीतील तो एक दुवा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धी, धृती आणि स्मृती यांपासून ढळलेल्या मनुष्याच्या अयोग्य कर्माला ‘प्रज्ञापराध’ अशी संज्ञा दिली आहे. या ग्रंथांचा विषय वार्धक्यातील मेंदूविकार नव्हे हे उघड आहे, आणि आजच्या वैद्यकीय अर्थाने ही वचने वाचणे अनैतिहासिक होईल. तथापि शब्द आपला पूर्वसंस्कार सहसा टाकीत नाही. लोकभाषेतील शब्द व पंडितांचा शब्द हे दोन्ही, निरनिराळ्या वाटांनी, रुग्णाच्या पदरी काही ना काही अपराध बांधतात.

या अपराधाची दुसरी बाजू कुटुंबावर येते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी बनारस येथे केलेल्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीशी सख्खे नाते सांगणाऱ्या ‘सठियाना’ या हिंदी क्रियापदाचा त्यांनी सविस्तर विचार केला आहे. वृद्धाचे मन बिघडले याचा अर्थ मुलासुनांनी सेवा केली नाही असा लावला जातो, हे त्यांच्या निरीक्षणाचे एक महत्त्वाचे अंग होय. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांचे गोव्यातील संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही हेच आढळले. तेथे या लक्षणांना आजार न समजता एकतर वार्धक्याचा स्वभावधर्म समजत, नाहीतर मुलांच्या हेळसांडीचे व प्रेमाच्या अभावाचे फळ समजत. अशा परिस्थितीत कुटुंबाने मौन पाळावे यात आश्चर्य नाही. घरातील वृद्ध भ्रमिष्ट झाला असे चारचौघांत सांगणे म्हणजे आपल्याच सेवेतील उणीव कबूल करणे होय.

३. नाव, संघटना आणि पदयात्रा : पाश्चात्त्य क्रम

पाश्चात्त्य देशांत ही परिस्थिती प्रारंभापासूनच निराळी होती असे समजण्याचे कारण नाही. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात दाखल झालेल्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीचा अभ्यास केला व तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, तिच्या मेंदूतील विकृतींविषयी ट्यूबिंगेन येथे व्याख्यान दिले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या मानसरोगविषयक पाठ्यग्रंथात या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले. परंतु ही संज्ञा ऐन मध्यमवयात होणाऱ्या विरळ विकारापुरतीच मर्यादित राहिली. सत्तरी-ऐंशीतील मनुष्याला तीच लक्षणे झाली असता त्याला केवळ जराजन्य दुर्बलता मानीत. पाश्चात्त्य समाजाचा तो म्हातारचळच होता.

ही वयाची भिंत रॉबर्ट कॅट्झमन यांच्या १९७६ मधील संपादकीय लेखाने खिळखिळी केली. मध्यमवयातील व वार्धक्यातील विकार मूलतः एकच होत, आणि तसे मानल्यास हा विरळ विकार नसून मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक ठरतो, असे त्यांनी मांडले. अमेरिकेत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वार्धक्य-संशोधन संस्थेने हा विचार उचलून धरला. १९८० मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९८४ मध्ये निरनिराळ्या देशांतील संघटनांचा ‘अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल’ हा संघ निर्माण झाला. या संघाने १९९४ पासून २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला.

निधीसाठी पदयात्रा काढण्याचा प्रघात या क्रमात १९८९ मध्ये आला. अमेरिकन संघटनेच्या नऊ शाखांनी त्या वर्षी ‘मेमरी वॉक’ काढला. त्यात १,२४९ माणसे चालली व १,४९,००० डॉलर जमले. पुढे या उपक्रमाचा विस्तार सहाशेहून अधिक गावांपर्यंत झाला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, १९८९ मध्ये जे लोक रस्त्यावर आले त्यांना आपण कशासाठी चालत आहो हे सांगण्यास एक शब्द उपलब्ध होता, आणि त्या शब्दात कोणाचाही अपराध सूचित होत नव्हता. एका वैद्याचे आडनाव हे रोगनाम म्हणून अर्थशून्य असते. हाच येथे त्याचा गुण ठरला.

नावाचे हे महत्त्व जपानच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. तेथील ‘चिहो’ या रूढ शब्दात मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये शासनाने समिती नेमून त्या जागी ‘निन्चिशो’, म्हणजे जाणिवेचा विकार, हा शब्द स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी सामान्य नागरिकांना या विकाराची ओळख करून देणारी देशव्यापी मोहीम सुरू केली. अल्पमुदतीचे शिक्षण घेऊन साहाय्यक म्हणून नाव नोंदविणाऱ्यांची संख्या पुढे एक कोटीच्या वर गेली. शब्द बदलला म्हणून रोग बरा झाला नाही. परंतु लोक बोलू लागले.

४. भारतातील संघटन व गणनेचा प्रश्न

भारतात या कार्याचा आरंभ केरळमध्ये झाला. डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली व कालांतराने तिच्या शाखा देशभर निघाल्या. १९९८ मध्ये कोची येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘१०/६६’ या नावाचा संशोधक-गट निर्माण झाला. त्याचे नावच बोलके आहे : जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना १० टक्क्यांहूनही कमी संशोधन त्या देशांतील लोकांसंबंधी होते.

गणनेच्या इतिहासात नाव आणि संख्या यांचा संबंध कसा येतो हे पाहण्यासारखे आहे. हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण भागात ५५ वर्षांवरील ५,१२६ व्यक्तींची पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाहणीतील सुमारे तीनचतुर्थांश लोक निरक्षर होते. म्हणून वाचनलेखनावर न विसंबणारी हिंदी चाचणी मुद्दाम तयार करण्यात आली. पासष्टीवरील लोकांत विकाराचे प्रमाण अवघे १.३६ टक्के निघाले. मुंबईत २४,४८८ व्यक्तींची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हेच प्रमाण २.४४ टक्के आढळले. पाश्चात्त्य आकड्यांच्या मानाने ही प्रमाणे फारच कमी होती. भारतीय वृद्ध या विकारापासून काही अंशी सुरक्षित आहेत की काय, असाही तर्क त्यावरून करण्यात आला.

२००८ मध्ये १०/६६ गटाच्या अभ्यासाने या तर्काला दुसरी बाजू असल्याचे दाखविले. अमेरिकन निकष जसेच्या तसे लावले असता ग्रामीण भारतातील प्रमाण अवघे ०.३ टक्के येत होते. परंतु निरनिराळ्या संस्कृतींत पडताळलेल्या गटाच्या स्वतःच्या पद्धतीने ते कितीतरी अधिक येत होते. कारण असे की, रूढ निकषांनुसार रुग्णाच्या व्यवहारात बिघाड झाला आहे हे आप्तांनी सांगावे लागते. वृद्धाकडून कामाची अपेक्षाच नसेल, आणि त्याचे विसरणे हा वयाचा धर्म मानला जात असेल, तर आप्त म्हणतात, काही बिघाड नाही. म्हणजे बोलीतील एका शब्दाने विज्ञानाचा आकडा खाली ओढला. पुढे राष्ट्रव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले त्यांनुसार साठ वर्षांवरील भारतीयांत या विकाराचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले.

लोकजागृतीच्या कार्यात मराठी कलेचाही वाटा आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात या विकाराने ग्रस्त झालेल्या एका निवृत्त संस्कृत पंडिताची कथा आहे. ती भूमिका स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी केली, हे विशेष. ज्याचे सारे आयुष्य शब्दांत गेले त्याच्याच हातून शब्द सुटतात, ही कल्पना सुशिक्षित प्रेक्षकांच्या मनाला भिडली. परंतु ज्या वृद्धेचा जन्म शेतात व जात्यावर गेला, तिच्या हातून काय सुटते हे दाखविणारे चित्र अद्याप उभे राहावयाचे आहे.

५. महाराष्ट्रातील निधी आणि पदयात्रा

आता महाराष्ट्राच्या पूर्वपरंपरेकडे वळू. लोककार्यासाठी थोडथोडी वर्गणी अनेकांकडून घेण्याची पद्धत येथे चांगली रुळलेली होती. अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढीच त्या फंडाची मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वाढीत मुष्टिफंडाचा, म्हणजे घरोघर दळणाच्या वेळी काढून ठेवलेल्या मूठभर धान्याचा, वाटा सर्वश्रुत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी सत्तरी उलटल्यावर, १९३६ मध्ये, ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापिले व त्यासाठी स्वतः गावोगाव फिरून लहानसहान देणग्या जमविल्या. या सर्व उदाहरणांत निधीच्या रकमेपेक्षा देणाऱ्यांची संख्या महत्त्वाची मानली गेली. मूठभर धान्य देणारी स्त्री त्या कार्याची भागीदार होत असे.

चालण्याची परंपरा याहूनही जुनी. वारी व दिंडी यांचा येथे केवळ उल्लेख पुरे. विसाव्या शतकात प्रभातफेरी आली. १९५१ मध्ये विनोबांची भूदान-पदयात्रा सुरू झाली. १९७० नंतरच्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ या मोहिमेसाठी डॉ. बाबा आढाव यांनी खेडोपाडी दौरे केले. या मोहिमेचे वैशिष्ट्य असे की तीत मागणी द्रव्याची नव्हती, आचरण बदलण्याची होती.

रोगाच्या नावाला चिकटलेला कलंक पुसण्याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. ‘महारोग’ या शब्दाने रुग्ण गावाबाहेर काढला जात असे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांनी केलेल्या कार्याने रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी पालटली व हळूहळू ‘कुष्ठरोग’ हा तुलनेने निर्दोष शब्द रूढ झाला. आमटे यांच्या संस्थेच्या नावात ‘महारोगी’ हा शब्द तसाच राहिला, ही गोष्टही लक्षणीय आहे. कार्य मोठे झाले म्हणजे जुना शब्दही सोज्ज्वळ होऊ शकतो. शब्द बदलणे आणि शब्दाचा अर्थ बदलणे, या दोन्ही वाटा खुल्या असतात.

यावरून असे दिसते की, अमेरिकेतून आलेल्या निधी-पदयात्रेतील चालणे व वर्गणी ही दोन्ही अंगे मराठी समाजाला सर्वस्वी परिचित आहेत. अपरिचित आहे तो तिचा हेतू, आणि म्हणून तिचे नाव.

६. भोर–वेल्हे : परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या १,८६,११६ व वेल्हे तालुक्याची ५४,५१६ होती. त्या वेळी राज्यात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण सुमारे ९.९ टक्के होते. हेच प्रमाण येथे धरले व त्यास वर दिलेले ७.४ टक्क्यांचे राष्ट्रीय प्रमाण लावले, तर दोन्ही तालुक्यांत मिळून सुमारे साडेसतराशे रुग्ण असावेत असा हिशेब निघतो. हे केवळ गणित आहे, पाहणी नव्हे. तथापि तरुण मंडळी पोटासाठी पुण्यामुंबईस जातात व म्हातारी माणसे गावी राहतात अशा मुलखात प्रत्यक्ष आकडा याहून कमी असण्यापेक्षा अधिक असण्याचाच संभव आहे. यांपैकी किती जणांच्या कागदावर रोगाचे नाव लिहिले गेले असेल, याचा अंदाज मागील विवेचनावरून वाचकास करता येईल.

या मुलखाचा भूगोल रुग्णाच्या दृष्टीने अनुकूल नाही. भोर तालुक्यात भाटघर व नीरा-देवघर, वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव व गुंजवणी हे जलाशय आहेत. धरणांसाठी गावे उठली, वस्त्या वर सरकल्या, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. या विकारात अलीकडची स्मृती आधी जाते व बालपणीची मागे उरते. त्यामुळे रुग्ण आपल्याच घरात बसून ‘घरी जायचे’ असे म्हणतो व बाहेर पडतो. शहरात असा मनुष्य दुसऱ्या रस्त्याला लागतो. धरणग्रस्त वस्तीतील वृद्ध ज्या घराकडे निघेल ते घर पाण्याखाली असू शकते, आणि त्याची पाऊलवाट त्या पाण्याकडेच उतरत असू शकते. चळणे, भ्रमणे हे जे शब्द भाषेने मनाला लाक्षणिक अर्थाने लावले, ते येथे अक्षरशः खरे होतात.

याच मुलखात हौसेने चालणाऱ्यांचीही वाण नाही. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर येथे सुटीच्या दिवशी शहरातून पदभ्रमण करणारे मोठ्या संख्येने येतात. अशा एखाद्या पदभ्रमणाला स्मृतिभ्रंश-निधीची जोड देणे कठीण नाही. परंतु गडाच्या वाटेने जाऊन परत फिरणारी यात्रा आणि वस्तीवस्तीवर थांबणारी यात्रा यांत अंतर आहे. पहिलीत डोंगर ही पार्श्वभूमी असते व निधी शहराचा शहरातच राहतो. दुसरीत, कर्व्यांच्या व मुष्टिफंडाच्या परंपरेप्रमाणे, देणारा आणि ज्याच्यासाठी द्यावयाचे तो, हे एकाच उंबऱ्याआड असतात.

अशा निधीचा विनियोग कसा व्हावा याचा धडा गोव्याने घालून दिलेला आहे. तिसवाडी व बार्देश या तालुक्यांत डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्च माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना आठवडाभर शिकवून त्यांना रुग्णांच्या घरी पाठविण्यात आले. त्यांनी घरच्यांना व्याधीची माहिती दिली, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे हे सांगितले, सरकारी साहाय्याची वाट दाखविली. सहा महिन्यांत काळजीवाहकांच्या मनावरील ताण लक्षणीय रीतीने कमी झाला. भोर–वेल्ह्यात आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका घरोघर जातच असतात. अशा शिक्षणाला आरंभ करण्यासाठी वेगळी इमारत उभारावी लागत नाही.

या परिसराजवळ आणखी एक साधन आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात हेमा राईरकर व गी पोतवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे काम हाती घेतले. पुढे हा संग्रह महाराष्ट्रभर वाढून एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. ज्या स्त्रियांनी या ओव्या सांगितल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. वाचनलेखनावर व इंग्रजी तारखेवर आधारलेली चाचणी अशा स्त्रीला लावली तर ती निरोगी असूनही रुग्ण ठरेल. उलटपक्षी, जी स्त्री काल शेकडो ओव्या म्हणत होती तिला आज नातवाचे नाव आठवत नाही, हे तिच्या जावा-नणंदांच्या तत्काळ लक्षात येईल. तिथी, आठवड्याचा बाजार, पेरणी-काढणीचा क्रम, देवाच्या जत्रेचा महिना, ही येथील स्मृतीची परिमाणे होत. भाषाभ्यासकांनी या दिशेने वैद्यकास करण्याजोगे साहाय्य पुष्कळ आहे. दीर्घकाळ घोकलेली गाणी व पदे विकार बळावल्यावरही अनेकदा टिकून राहतात. घरच्यांना ती संवादाचे शेवटचे साधन म्हणून उपयोगी पडू शकतात.

७. समारोप

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. संस्थानकाळातील एका विभागाचे नाव त्यायोगे पुन्हा व्यवहारात आले. स्थळाचे नाव शासननिर्णयाने बदलू शकते. लोकांच्या तोंडी जुने नाव काही काळ राहते, पण त्याने कोणाचे नुकसान होत नाही. रोगाच्या नावाचे तसे नाही. ‘म्हातारचळ’ हा शब्द जोवर तोंडी आहे तोवर रुग्ण अपराधी, सून दोषी आणि घर मूक राहील.

हे मौन शासकीय परिपत्रकाने किंवा कोशातील नव्या नोंदीने मोडणार नाही. दारावर आलेल्या माणसांनी ‘हा आजार आहे, यात तुमची चूक नाही’ असे सांगितले, तर ते मोडू शकेल. दारोदार जाण्याचे जे सर्वांत जुने साधन मराठी समाजाजवळ आहे ते पदयात्रा हेच. म्हणून भोर–वेल्ह्यातील अशा पदयात्रेचे यश जमलेल्या रकमेवरून मोजणे चुकीचे होईल. तिच्या वाटेवरील किती घरांनी आपल्या वृद्धाविषयी प्रथमच तोंड उघडले, आणि ते कोणत्या शब्दांत उघडले, याची नोंद ठेवली जावी. ‘स्मृतिभ्रंश’ हाच शब्द रुजेल, की ‘विसरण्याचा आजार’ असा एखादा साधा बोलीतला शब्द लोक पसंत करतील, हे पंडितांनी आधी ठरवावयाचे नाही. ज्यांच्या घरी तो आजार आहे तेच ते ठरवतील. पुढील काळच्या इतिहासकाराला व भाषाशास्त्रज्ञाला ती नोंद निधीच्या जमाखर्चापेक्षा अधिक मोलाची वाटेल, यात संशय नाही.